साठ गोळ्या कोणाच्या पोटात गेल्या, त्याचा खुलासा

मु. वलगाव, चैत्र वद्य, सन १९५९

राजमान्य राजेश्री नत्थुजी साळेबुवा, कंपाउंडर, मुक्काम अकोला, यांसी वलगावहून तुमचे भाटवे खुशालराव यांचा वाकून रामराम. (वाकून यासाठी, की पोटात अजून जळजळ आहे आणि ताठ उभं राहून रामराम घालता येत नाही. तुमच्या मानासाठी वाकलो असं समजू नका. मी तुमच्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे.) इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली येईलच. तुमची खोकल्याची ढास कशी आहे? दिवसभर दुसऱ्याले पुड्या बांधून देता, स्वतः एखादी घेता का? आणि आमची शकुन कशी आहे? लग्न महिन्यावर आलं, पोरीले उन्हात फिरू देऊ नका. तिले म्हणा, आत्यानं तिच्यासाठी आंब्याच्या वाळल्या फोडी एक डबा भरून ठेवल्या आहेत आणि आतोबानं त्यातल्या फक्त चारच खाल्ल्या.

तुमचं कारड दहा-बारा दिवस वाटेत भटकून परवा पोचलं. नत्थुजी, तुमी शिकले-सवरले माणूस, घरची गोष्ट उघड्या कारडावर लिहू नये एवढं तुमाले कळू नये? ‘साठ गोळ्या संपल्या, ताईचा टोंगळा तसाच सुजलेला, मग गोळ्या गेल्या कुठं?’ हे वाक्य माह्या हाती येण्याआधी पोस्टमननं वाचलं, मंग पिठाच्या गिरणीवर वाचून दाखवलं, आणि मी बाजारातून घरी येईपर्यंत वेशीपाशी चार जणांनी मले विचारलं, का खुशालराव, गोळ्या गेल्या कुठं? जशा काही मी सरकारी गोदामातल्या बोऱ्या पळवल्या. म्हणून हा खुलासा पाकिटातून पाठवून राहिलो. एकट्यानं वाचा. दवाखान्यात बसून मोठ्यानं वाचू नका.

आता मुद्दा. तुमच्या बहिणीचा, म्हणजे सौ. माणिकबाईचा, उजव्या पायाचा टोंगळा (तुमच्या दवाखान्यात गुडघा म्हणतात तो) पौष महिन्यापासून सुजला हे तुमाले माहीत आहे. मांडी घालता येत नाही, उठाले गेली तर आधी चौकट धरते, मंग देवाचं नाव घेते, मंग माहं. आणि शकुनचं लग्न तोंडावर. बिनमायची पोर, तीन वर्षांची असताना तुमी आमच्या घरी आणून सोडली, सात वर्षं तुमच्या बहिणीच्या पदराले धरून वाढली. त्या पोरीले हळद लावाले आत्या खाली पाटावर बसली पायजे, अंतरपाटाच्या मागं उभी राहिली पायजे. ‘लग्नात बाजेवर बसून तमाशा पाहाचा असन तर मी येतच नाई’ असं तिनं मले साफ सांगतलं आणि तोंड फिरवून मेथी निवडत बसली. मेथीत डोळे पुसाचं काही कारण नसते, मेथी काही कांदा नाही. म्हणून मी तुमाले पत्र लिहून गोळ्या मागवल्या होत्या. माह्या मनात पाप नव्हतं हे यावरून दिसावं.

पुडी आली. पुडीवर तुमच्याच मोत्यावाणी अक्षरात लिहिलं होतं, की सुजेवरच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळ, पोटभर जेवल्यावर, गडवाभर पाण्यासोबत, उपाशीपोटी कदापि नाही. यात कठीण काय आहे? मलेही तसंच वाटलं. गोळ्या द्यायचं खातं मी स्वतःकडे घेतलं, कारण तुमची बहीण औषधाच्या बाबतीत महाचेंगट (एरंडाचं पान बांधते, पान सुकलं का पान बदलते, टोंगळा आहे तसाच). ठरवलं असं, की बाई जेवून उठली का दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवायच्या. आणि इथंच गाडी चिखलात फसली. नत्थुजी, लग्नाले सत्तावीस वर्षं झाली, पण तुमच्या बहिणीले जेवताना मी एकदाही पाहिलेलं नव्हतं! जेवत असन, असं मी धरून चाललो होतो. माणूस इतकी वर्षं चालते-फिरते म्हणजे जेवतच असन. पण केव्हा, कुठं, काय, काही मालूम नाही.

मंग मी पाळत ठेवली. पहाटे उठून तिनं अमरावतीच्या बाजारासाठी सांबाराच्या (तुमच्या शहरी भाषेत कोथिंबीर) जुड्या बांधल्या. मी पुडी घेऊन मागं. चूल पेटवली, मी मागं. आधी मी जेवलो (ते सोडून जमत नाही), मंग दोघं पोरं, मंग वावरातले गडी, मंग कोणी आला-गेला पाहुणा, मंग गाय, मंग कुत्रं. कुत्र्यापर्यंत मी जागा होतो. मंग डोळा लागला तो अर्धी घटका, उठून पाहतो तर ताट घासून पालथं! जेवली का म्हटलं, तर म्हणे, ‘झालं ना माह्यं.’ अशी ती तीन दिवस मले हुलकावणी देत राहिली. चौथ्या दिवशी मी डोळ्यात पाणी मारून बसलो, तर म्हणे, आज सोमवार, उपास आहे. सोमवार गेला तर गुरुवार, गुरुवार गेला तर चतुर्थी, चतुर्थीतून सुटलो तर एकादशी उभी. पंचांगात मोकळे दिवस किती कमी आहेत हे मले या वयात कळलं. सारा पंधरवडा पालथा घातला, त्यात तुमच्या बहिणीची जेवणं माह्या हाती लागली ती तीन.

उपासाले भगर खाते, मंग भगरीवर गोळी का देऊ नये, असं तुमी म्हणाल. मीही म्हटलं. पण ती म्हणे, भगर म्हणजे जेवण नव्हे. तिचंही बरोबर होतं, कारण भगर जेवण ठरलं तर उपास खोटा, आणि उपास खरा ठरला तर पोट रिकामं, आणि रिकाम्या पोटी तुमची मनाई! हा पेच सोडवाले मी आमच्या शेजारच्या पुंजारामकडे गेलो. (पुंजाराम तुमाले माहीत आहे. चार धामांपैकी दोन करून आला, तवापासून कोणत्याही गोष्टीचा निकाल देते.) त्यानं डोळे मिटून निकाल दिला, की गोळीत मीठ असन तर उपास मोडते, नसन तर मोडत नाही, आता गोळीत मीठ आहे का ते पाहा. मी एक गोळी चाटून पाहिली. आंबट लागली. पुंजारामले विचारलं, आंबट उपासाले चालते का? तो म्हणे, याच्यासाठी तिसरा धाम करावा लागन.

इकडे मी निकालाच्या मागं असताना तुमच्या बहिणीनं मनानंच एक उद्योग केला. दोन्ही सोमवारी पहाटे, पोटात अन्नाचा कण नसताना, दोन-दोन गोळ्या कोरड्याच गिळल्या आणि वरून चहा घेतला. सकाळभर पोट धरून बसली. वरून मलेच म्हणे, ‘नत्थूच्या गोळ्या गरम पडल्या मले, आता माहं नाव नका घेऊ.’ अशा रीतीनं तीन जेवणांच्या सहा आणि या उपाशीपोटच्या चार, मिळून दहा गोळ्या तिच्या खात्यावर. बाकी राहिल्या पन्नास. आता त्या पन्नासांचं सांगतो. हसू नका.

तुमची बहीण जितके उपास करते तितके माह्या नावानं करते. ‘तुमच्याचसाठी करते’ हे मी सत्तावीस वर्षं ऐकून राहिलो. उपाशी ती राहते, आयुष्य माहं वाढते. ही व्यवस्था साऱ्या वलगावले मंजूर आहे, कोणी तिच्यात खोट काढत नाही. मंग मी विचार केला, तिच्या रिकाम्या पोटाचं फळ माह्या अंगी लागते, तर माह्या भरल्या पोटाचं फळ तिच्या टोंगळ्याले काहून लागू नये? माहं जेवण वेळेवर, पोटभर, वरून गडवाभर पाणी. तुमच्या पुडीवरच्या साऱ्या अटी माह्या ठिकाणी जशा पुऱ्या होत होत्या, तशा साऱ्या वऱ्हाडात कोणाच्या होत नसतील. मी तळहातावर पाणी घेतलं, ‘माणिकबाईच्या उजव्या टोंगळ्याप्रीत्यर्थ’ असं म्हणून पाणी सोडलं आणि दोन गोळ्या गिळल्या. (बायकोचं नाव घ्यावं लागलं, लाजलो, पण टोंगळा कोणाचा ते स्पष्ट असलेलं बरं, गावात टोंगळे काही थोडे नाहीत.) तुमी लिहिलं होतं जेवल्यावर. मी न्याहारी करतो, दुपारी जेवतो, वावरात गड्यांसंग दोन घास खातो, अमरावतीले बाजारात आलूबोंडे होतात आणि संध्याकाळी पुन्हा जेवण. दर जेवणाले दोन. ‘दिवसातून दोन वेळ’ या शब्दांकडे मी काणाडोळा केला, कारण टोंगळ्यापर्यंत अंतर लांब होतं, वाटेत काही सांडलं-लवंडलं तर?

परिणाम तर झाला ना बाप्पा! मोट हाकून हाकून माह्या उजव्या खांद्यात दहा वर्षांची कळ होती, ती तिसऱ्या दिवशी गायब. तुमच्या बहिणीचा टोंगळा मात्र भोपळ्यासारखा होता, तो भोपळ्यासारखाच. पुंजाराम म्हणे, पुण्य बायकोकडून नवऱ्याकडे वाहते, उलटं येत नाही, पाटाचं पाणी चढावर चढते का? हे त्यानं आधी सांगतलं पायजे होतं. चौथ्या दिवसापासून माह्या कानात बैलाच्या घागरमाळा वाजू लागल्या. मी तीनदा उठून गोठ्यात पाहून आलो, बैल सुटले म्हणून. बैल उभ्या जागी रवंथ करून राहिले होते आणि त्यांच्या गळ्यात माळाच नव्हत्या, त्या पोळ्यानंतर आढ्याले टांगल्या होत्या. पाचव्या दिवशी पोटात अशी आग पडली का मी बाजारातून वांग्याची रिकामी टोपली पोटाशी धरून घरी आलो आणि ओट्यावर आडवा झालो. तुमची बहीण तो टोंगळा ओढत ओढत, लंगडत, गावच्या सरकारी दवाखान्यातून नर्सबाईले बोलावून आली. माह्यासाठी! तिच्या टोंगळ्यासाठी ती तीन महिन्यांत एकदाही गेली नव्हती.

आमची नर्स पंचफुलाबाई म्हणजे मोठी खमकी बाई. तीन वर्षांआधी नागपूरले जाऊन तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तवापासून उपास-तापासाची गोष्ट तिच्यापुढं काढाची सोय नाही. मी तिले सारं सांगतलं, संकल्पासकट. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मंग असं हासली, असं हासली, का गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. हासणं संपल्यावर मात्र तिनं मले उभा-आडवा सोलला. ज्याच्या नावची गोळी त्यानंच खायची. ही गोळी सुजेवर चांगली, पण रिकाम्या पोटाशी तिचं वैर आहे, म्हणून आधी भाकर, मंग गोळी, वरून भरपूर पाणी. दोन वेळ म्हणजे दोनच वेळ, आणि एक वेळ चुकली तर पुढच्या खेपेले दुप्पट घ्यायची नाही. पोटात आग झाली किंवा शौचाले काळं झालं तर गोळी बंद करून तडक दवाखान्यात यायचं, कान वाजेपर्यंत वाट पाहाची नाही. आणि सूज उतरली का गोळी सोडायची. हे सारं तिनं एका दमात सांगतलं, मंग तुमच्या बहिणीकडे वळली आणि एकच गोष्ट विचारली, ‘बाई, तू जेवते केव्हा?’

‘सगळ्यायचं झाल्यावर,’ तुमची बहीण म्हणे.

पंचफुलाबाई उठली, सरळ चुलीपाशी गेली आणि एकेका गंजावरचं झाकण काढलं. दुपारचे दोन वाजले होते, आमचं साऱ्यांचं झालं होतं, कुत्र्याचंही. भाजीचा गंज रिकामा. वरणाच्या गंजात पळीभर पाणी. तव्यावर करपलेली अर्धी भाकर आणि पाट्यावर मिरचीचा ठेचा. बस. तिनं तो वांग्याच्या भाजीचा रिकामा गंज माह्यापुढं आणून ठेवला. नत्थुजी, अर्धा एकर वांग्याचा बगीचा माहा. अमरावतीच्या बाजारात खुशालरावची वांगी म्हणून माणसं नाव घेऊन मागतात. आणि माह्या घरच्या बाईच्या ताटात वांग्याचं देठ नाही. सत्तावीस वर्षांत मी तो गंज उघडून पाहिला नव्हता. मले लाज वाटली. लिहिताना आताही वाटून राहिली.

पंचफुलाबाईनं दवाखान्यातल्या नव्या गोळ्या दिल्या आणि हुकूम सोडला, की उद्यापासून यादी उलटी करायची, आधी ही बाई जेवन, मंग बाकीचे. लिहाले सोपं आहे. दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं (भाकर माह्यानं तुटली, पण वाढलं) आणि जेव म्हटलं. तिनं ताट माह्याकडे सरकवलं. मी तिच्याकडे सरकवलं. ‘तुमी उपाशी अन् मी गिळू? लोक काय म्हणतीन?’ मी म्हटलं, तू जेवल्याशिवाय माहा आज उपास. तुह्यासाठीच करतो! हे ऐकल्यावर ती माह्याकडे पाहातच राहिली. साऱ्या जन्मात तिच्या नावानं कोणी उपास केला नव्हता. तरी हट्ट सोडला नाही. अकरा वाजता बसलो, बारा झाले, एक झाला, पोरं उपाशी, गडी उपाशी, कुत्रं दारात उलटं पडलेलं, सारी गल्ली कुडावरून पाहून राहिली. पुंजाराम निकाल द्यायले आला, त्याले मी हाकलला. दोन वाजता मले भोवळ आली. खोटी होती, पण चांगली आली. तवा ती म्हणे, ‘जेवते, पण तुमी तिकडं तोंड करा.’ मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर होतं, ते मी बारा महिने वाचून काढलं आणि कान इकडे ठेवले. भुकेली बाई जेवते कशी ते मी त्या दिवशी ऐकलं. दोन भाकरी खाल्ल्या, नत्थुजी. मी समजत होतो तिची भूक अर्ध्या भाकरीची आहे.

तर ते आता रोज चालू आहे. मी वाढतो आणि भिंतीकडे तोंड करतो, ती जेवते, दोन गोळ्या घेते, गडवाभर पाणी पिते, मंग आमचा नंबर. उपासाच्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई दारात येऊन उभी राहते, त्यामुळे उपास पुढच्या वर्षावर गेले. आठ-दहा दिवसांत सूज उतरली. परवा तुमची बहीण मांडी घालून बसली! तिचं तिलेच खरं वाटेना, दोनदा उठून पुन्हा बसून पाहिलं. पण याचा गावावर भलताच परिणाम झाला. आमच्या गल्लीत टोंगळ्याची साथ आली आहे. आधी कोपऱ्यावरची बाई, मंग तिची जाऊ, मंग पुंजारामची बायको सत्यभामा. सत्यभामा सकाळी डाव्या पायानं लंगडते आणि संध्याकाळी उजव्या. साऱ्या बायांले आधी जेवाचं आहे. साऱ्यायले पंचफुलाबाईचं एकच उत्तर, गोळी तपासल्याशिवाय नाही, भाकर मात्र आधीच खा. पुंजाराम दुपारी तीनले गार भाकर आणि ठेचा खाऊन राहिला आणि तिसऱ्या धामाची चौकशी करून राहिला.

असा हा खुलासा आहे. पन्नास गोळ्यांचा गुन्हा कबूल. शिक्षा पोटानं आणि कानानं भोगली. आमी दोघंही लग्नाच्या चार दिवस आधी येतो, हळद लावाले आत्या पाटावरच बसन. थोरामोठ्यांले दंडवत, शकुनले पोटभर आशीर्वाद.

आपला भाटवा,
खुशालराव

ता. क. खरी गोष्ट आता लिहितो. लग्नात रिवाजाप्रमाणे आधी पुरुषांच्या पंगती उठतीन, मंग बायांच्या. तुमच्या बहिणीचं पान पहिल्या पंगतीत, माह्या शेजारी मांडा. कोणी नाव ठेवलं तर सांगा, डाक्टरी हुकूम आहे. पान मांडलं नाही तर मी मांडवाच्या बाहेर उपास करीन, आणि मले आता त्याची सवय झाली आहे.

पुन्हा ता. क. यापेक्षाही खरी गोष्ट. पंचफुलाबाई उद्यापासून गोळ्या बंद करते म्हणे, सूज उतरली म्हणून. नत्थुजी, गोळ्या बंद झाल्या का तुमची बहीण पुन्हा करपल्या भाकरीवर जाईन, मी तिले ओळखतो. म्हणून साध्या साखरेच्या गोळ्या पाठवा, पांढऱ्या, तेवढ्याच मोठ्या, शंभर-दोनशे. पुडीवर तेच लिहा, पोटभर जेवल्यावर, सगळ्यांच्या आधी, जन्मभर. तिले काही कळणार नाही. तिसरी पास आहे, पण आमच्या घरी आल्यापासून तिले वाचताना मी एकदाही पाहिलं नाही. पाकीट भाताच्या शितानं चिकटवाले तिच्याचजवळ देऊन राहिलो.

नत्थू, मी ताई लिहिते. अक्षर बिघडलं, हात नाई राहिला. सारं वाचलं. यायनं मागतल्या तशा साखरेच्या गोळ्या पाठवच, मले मालूम झालं म्हून यायले सांगू नको. मी परवा मांडी घातली, पण टोंगळा त्याच्या चार दिवस आधीच बरा झालता, तेबी सांगू नको. शकुनले म्हण मी येते. भाकर तव्यावरून उतरली का लगेच खाल्ली तर किती गोड लागते रे, मले माईतच नव्हतं.